कार्यवाहीचा रकाना

१२ मे, सकाळी ८. फ्रिज : ४ अंश. वॉर्ड : ३६ अंश. कार्यवाही : —

लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं असतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मग रविवार असो की दिवाळी. दोनाच्या खाली गेलं तर लस गोठते, आठाच्या वर गेलं तर वाया जाते. त्यासाठी छापील वही असते. तारीख, तापमान, सही, आणि सगळ्यात रुंद असा शेवटचा रकाना: मर्यादेबाहेर गेल्यास केलेली कार्यवाही.

सिस्टर माणिक फाळके एकतीस वर्षं ही वही भरत होती. शेवटचा रकाना तिनं सहा वेळा भरला होता, आणि सहाही वेळा भोपाळच्या आरोग्य खात्यातून फोन आला होता. लसीला ताप आला की भोपाळची झोप उडते.

एप्रिलच्या अखेरीस तिनं एक आगाऊपणा केला. फ्रिजबरोबर आलेला जादा थर्मामीटर सुतळीला बांधला आणि बाळंतिणींच्या वॉर्डात, हात धुवायच्या नळाशेजारच्या खिळ्याला लटकवला. वहीत फूटपट्टीनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'वॉर्ड'. कोणी काही विचारलं नाही. वही भरायची असते, वाचतं कोण?

उज्जैनमधलं तीन मजली सरकारी रुग्णालय, नानाखेड्याच्या बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. तळमजल्यावर ओपीडी आणि सभागृह. पहिल्यावर प्रसूतिगृह, आणि त्याच्या शेजारी आजारी बाळांचा अतिदक्षता कक्ष. दुसऱ्यावर अधीक्षकांचं ऑफिस. तिसऱ्यावर, थेट स्लॅबखाली, बाळंतिणींचा वॉर्ड. खाटा चौदा. पश्चिमेच्या खिडक्यांवर पूर्वी कडुलिंबाची सावली पडायची. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी तो कडुलिंब गेला. मागच्या वर्षी अधीक्षकांच्या एसीची बाहेरची पेटी त्याच खिडक्यांखाली बसवली गेली. साहेबांच्या खोलीतली उष्णता बाहेर निघायची, वर चढायची आणि बाळंतिणींच्या उशाशी यायची.

या वॉर्डात चौदा बाळं होती, आणि चौदांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या.

टोप्या माणिकच्या हुकमानं होत्या. भिंतीवर निळ्या रंगात, फूटभर उंचीच्या अक्षरांत तिच्या हातचं वाक्य होतं: 'नवजात को गरम रखें. टोपी, मोज़े, कपड़ा – चौबीस घंटे.' अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पहाटे एक नवजात मुलगी गारठून दगावली होती. ड्यूटी माणिकची होती. चौकशीत तिचा दोष निघाला नाही. चौकशीचं हे म्हणणं तिनं कधी मान्य केलं नाही. त्याच आठवड्यात ती स्वतः रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढली. तेव्हापासून तिच्या वॉर्डात उघड्या डोक्याचं बाळ कोणाला दिसलं नव्हतं.

आज सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरच्या सुमननं बाळाची टोपी काढली होती. पहिलटकरीण, तिसरा दिवस.

"सिस्टर, छोरो लाल पड़ी रियो हे."

"लाल पड़े तो पड़े. ठंड बैठी ना, तो रोने के लिए भी टाइम नहीं मिलेगा."

असं म्हणून माणिकनं स्वतःच्या हातानं टोपी घातली. कानांवरून नीट खाली ओढली.

१२ मे, सकाळी ९:३०. वॉर्ड : ३७. कार्यवाही : —

डॉ. आल्हाद रेगे राउंडला आले. अधीक्षक. अठरा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून याच इमारतीत आले होते, तेव्हा बाळाच्या मानेखाली हात कसा द्यायचा ते माणिकनं त्यांना शिकवलं होतं. अजून तिला ताई म्हणत. काम असलं की जरा लांबवून म्हणत.

"ताईऽऽ, चार वाजता विसरू नका हं. नर्स दिवस. यंदा सत्कार तुमचा. शाल, श्रीफळ, फोटो."

"मे महिन्यात शाल?"

"शाल ती शाल. पाहुणे काय पंखा देणार?"

"पंखा दिला तर घेईन. साहेब, सदतीस आहे इथं. माझे तीन अर्ज तुमच्या टेबलावर आहेत. वॉर्ड खाली घ्या. सभागृह वर्षातून दहा दिवस उघडतं, जाड भिंती, उत्तरेच्या खिडक्या. आपली बाळं तापाने फणफणून राहिलीत."

"तो ताप इन्फेक्शनचा असतो ताई. अँटिबायोटिक चालू आहेत ना? आणि सभागृहात बाळंतिणी ठेवल्या तर वरून मला विचारतील, सभा कुठं घेता. महिनाभर काढा की. तुम्ही तर उज्जैनच्या, तुम्हाला काय ऊन नवीन?"

"मला नाही. ती तीन दिवसांची आहेत, त्यांना नवीन आहे."

त्यांनी हसून विषय बदलला आणि बगलेतलं एक रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. "हे बघा. फायर सेफ्टीची फाइल अडकलीय. या सहामाहीची मॉक ड्रिल नोंदलेली नाही. तुम्ही मजल्याच्या इन्चार्ज. आजची तारीख टाका आणि करून टाका."

"करून टाकू?"

"लिहून टाका हो. घंटा वाजली, रुग्ण खाली आणले, सगळे सुखरूप. चार ओळींचं काम. कोण करतं खरी ड्रिल? सगळे लिहितात."

प्राजक्ता शेजारीच बँडेज कापत होती. नोकरीचं दुसरं वर्ष, इंदूरची मुलगी, जिभेला लगाम नाही. साहेब जिन्याकडे वळल्याबरोबर ती म्हणाली, "घ्या. सत्कारमूर्तीनं सकाळी खोटं लिहायचं आणि संध्याकाळी नारळ घ्यायचा."

"मी लिहिलंय का अजून?"

"नाही लिहिलं."

"मग बँडेज काप."

जे केलं नाही ते लिहायचं नाही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही. ही दोन वाक्यं नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात. दुसरं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

१२ मे, दुपारी १२. वॉर्ड : ४०. कार्यवाही : —

आधी एक बारीक गोष्ट. खोलीचा ताप सेल्सिअसमध्ये लिहितात, माणसाचा फॅरनहाइटमध्ये. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वह्यांत असल्यामुळे ते कधी समोरासमोर येत नाहीत.

नऊ नंबरचं बाळ : १०२.४.

सकाळपासून दूध नाही. पहाटेपासून लंगोट कोरडा. ओठ कागदासारखे. माणिकनं छातीवर हात ठेवला तेव्हा ऊन लागलेल्या भांड्यासारखं लागलं. प्राजक्तानं बाळ उचललं आणि जिन्यानं पहिल्या मजल्यावर अतिदक्षता कक्षात पळाली. लिफ्ट मार्चपासून बंद होती.

दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा हात रिकामे होते.

"घेतलं. पण ताई, एकेका वॉर्मरवर दोन-दोन बाळं झोपवलीत. डॉक्टर म्हणाले, यापुढे पाठवू नका, जागा नाही. या आठवड्यातलं हे सहावं."

"सहा कुठून आलेली?"

"म्हणजे?"

"प्रसूतिगृहातून थेट गेलेली किती आणि आपल्याकडून गेलेली किती? आणि पहिल्या चौघांचे रक्ताचे रिपोर्ट आले असतील."

प्राजक्ता पुन्हा खाली गेली. या वेळी पळाली नाही, आणि जिना चढून आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"तापाची सहाही आपली. तिसऱ्या मजल्याची. पहिल्या मजल्यावर राहिलेल्या एकालाही ताप नाही. आणि रिपोर्ट चौघांचेही स्वच्छ आहेत. इन्फेक्शन कुठंच नाही."

नऊ नंबरच्या खाटेवर सुमन रिकाम्या ओंजळीकडे बघत बसली होती. तिची सासू मात्र बसणारी नव्हती. तिला सगळा वॉर्ड जीजी म्हणायचा. चाळीस वर्षं राम घाटावर पानांचे द्रोण आणि दिवे विकत आलेली बाई. ती माणिकच्या समोर उभी राहिली, बोट भिंतीकडे.

"ओ सिस्टर. वो तमने लिख्यो हे?"

"हो. मैंने."

"टोपी तमने पेराई?"

"हो, जीजी."

"म्हारी बहू ने उतारी थी. तमने पाछी पेराई." जीजीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "एक वात बताओ. घाट को पत्थर दोपेर में तपे, तो आदमी पत्थर छोड़े, के पाँव ने समझावे?"

दगड तापला तर माणूस दगड सोडतो. पायाला उपदेश करत बसत नाही.

वॉर्डातले चार पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत राहिले.  माणिकला फार दिवसांत कोणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर कोणत्याच वहीत नाही.

दुपारी १:३०. वॉर्ड : ४१. कार्यवाही :

तिनं उरलेल्या तेरा बाळांचा ताप पुन्हा घेतला. सात बाळं शंभराच्या वर.

मग ती पहिल्या खाटेपाशी गेली आणि टोपी काढली. दुसरी. तिसरी. बाळांचे केस भिजलेल्या कापसासारखे चिकटले होते. मोजे काढले, दुपटी सोडली. आया बघत राहिल्या, एकीनं घाबरून विचारलं, "सिस्टर, ठंड?" माणिक म्हणाली, "ठंड जनवरी में. आज मेरी ग़लती है."

हे वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं. अकरा वर्षं ती त्या जानेवारीशी भांडत होती, आणि भांडता भांडता मे महिना तिच्या पाठीमागून आत आला होता. पूर्वी माळव्यात दिवस कितीही तापला तरी रात्र गार पडायची. तिचे वडील, बँकेतले फाळके, मे महिन्यातही गच्चीवर पांघरूण घेऊन झोपायचे. आता पहाटे चारला याच थर्मामीटरवर तेहतीस असायचं. जग बदललं होतं आणि भिंतीवरचा नियम तिनं तसाच ठेवला होता, वरून त्याची शिस्तही लावली होती. साहेबांनी अर्ज दाबले हे खरं. पण टोपी तिनं घातली होती.

ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर जेन्शन व्हायोलेटची बाटली होती, जखमांना लावायचं जांभळं औषध. माणिकनं कापसाचा बोळा त्यात बुडवला, स्टुलावर चढली आणि 'चौबीस घंटे' या शब्दांवर आडवा फराटा मारला. त्याखाली लिहिलं: 'पहले कमरे का ताप देखो.' ओघळ खाली आले. येऊ देत.

आणि खाली उतरताना तिची नजर टेबलावरच्या रजिस्टरवर पडली.

"प्राजक्ता," ती म्हणाली, "सिझेरियनच्या किती?"

"चार. का?"

"ट्रॉल्या किती?"

"तीन, आणि एक व्हीलचेअर. ताई, का पण?"

"साहेब म्हणाले ना, ड्रिल करून टाका."

 प्राजक्तानं कात्री खिशात टाकली. "सत्कार रद्द होईल हं."

"शाल वाचेल."

अग्निशमन सराव नोंद (मॉक ड्रिल) — मजला : तिसरा

सुरुवात : दुपारी २ वाजून १० मिनिटे.

घंटा वाजली का? नाही. बटण दाबले, वाजली नाही. काच फोडली, तरी नाही. वॉर्डबॉय बापू यांनी नवा स्टीलचा बेडपॅन चिमट्याने वाजवला. आवाज पहिल्या मजल्यापर्यंत पोचला.

लिफ्ट वापरली का? नियमाप्रमाणे वापरायची नसते. असती तरी बंद आहे.

रुग्ण कोणत्या मार्गाने उतरवले? रॅम्प. सिझेरियन झालेल्या चौघी ट्रॉलीवर व व्हीलचेअरवर, टाके सांभाळून, सर्वांत हळू. बाकी नऊ जणी चालत. नऊ नंबरच्या रुग्णाचे बाळ अतिदक्षता कक्षात असल्याने तिला प्रथम तिथे पाजण्यासाठी नेले, मग खाली. बाळे नातेवाइकांच्या हाती, प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी तपासून.

रुग्ण कुठे आणले? तळमजला सभागृह.

मोकळी जागा मिळाली का? मिळवली. खुर्च्या दीडशे, घडी करून भिंतीशी. व्यासपीठावर दोन खाटांच्या गाद्या. फुलांचे हार बादलीत.

इजा? नाही.

सर्व रुग्ण सुखरूप? होय. सही : मा. फाळके.

शेवट : ______

(आणि तळाशी, छापील, एक ओळ, जी आजवर कोणी वाचली नव्हती: 'मजल्याची प्रत्यक्ष पाहणी केली. मजला रुग्णांच्या वास्तव्यास सुरक्षित आहे. रुग्ण परत नेण्यास हरकत नाही. अधीक्षकांची सही.')

दुपारी ३:१५. वॉर्ड (वर) : ४२. सभागृह : ३२.

सभागृहात पाहुण्यांसाठी भाड्यानं आणलेले चार मोठे कूलर धबधबत होते. त्यांत वाळ्याच्या जाळ्या होत्या. व्यासपीठामागे माणिकचा फोटो असलेला बॅनर, आणि बॅनरखाली सात नंबरची बाळंतीण डोक्यावरून पदर घेऊन बाळाला पाजत बसली होती. माणिक एकेका आईला सांगत फिरत होती: कपडा एकच, पातळ, दूध मागेल तेव्हा, न मागेल तरीही, कूलरचा झोत थेट अंगावर नको.

दारात आल्हाद रेगे उभे राहिले. मागे फुगे लावणारे दोघे.

"ताई. हे काय आहे?"

"मॉक ड्रिल, साहेब."

"मी लिहून टाका म्हणालो होतो!"

"लिहिलंय ना. बघा. अक्षर सुद्धा सुवाच्य काढलंय, सत्काराच्या दिवशी."

त्यांनी रजिस्टर वाचलं. बेडपॅनच्या ओळीपाशी त्यांचा ओठ हलला, पण हसू त्यांनी गिळलं. "बरं. झाली ड्रिल. फाइल सुटली. उत्तम. आता पाऊण तास आहे, सगळ्यांना परत वर न्या."

"नेते की. इथे सही करा."

"कुठे?"

तिनं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी पेन काढलं, टोपण काढलं, आणि वाचलं.

"प्रत्यक्ष पाहणी लिहिलंय," माणिक म्हणाली. "जाऊन या. थर्मामीटर नळाजवळ आहे. पश्चिमेची खिडकी उघडलीत तर तुमच्या एसीची हवा लागेल, ती पण बघा."

ते गेले. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, की ते गेले. बारा मिनिटांनी परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पेन पुन्हा खिशात होतं.

"ताई, मी तोंडी सांगतोय. परत न्या."

"तोंडी मी औषधसुद्धा देत नाही, साहेब. लेखी द्या. लिहा, बेचाळीस अंशात तेरा बाळं परत न्यावीत. खाली नाव, हुद्दा, वेळ. मी या क्षणी नेते."

"अहो, पाहुणे येतायत! आणि तुम्ही अशा अडून बसलात तर मी काय करू शकतो ठाऊक आहे ना?"

"तुम्ही काय करू शकता ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बाळ उलटं धरलं होतंत."

मागे प्राजक्ता खोकली. बापूनं बेडपॅन उगाचच पुसायला घेतला.

"आगरला बदली होईल तुमची."

"होऊ दे की. आगरला काय बाळंतपणं होत नाहीत? तिथंही फ्रिज असेल, तिथंही वही असेल. रकाना मी तिथंही आखीन." मग तिचा आवाज खाली आला, तो खाली आला की तिला ओळखणारे दोन पावलं मागे सरत. "आल्हाद, सहा बाळं. चौघांचे रिपोर्ट स्वच्छ. आपण ज्याला इन्फेक्शन म्हणत होतो ती आपली खोली होती. लसीचा फ्रिज आठाच्या वर गेला की मी तुला झोपेतून उठवते आणि तू उठतोस. उठतोस ना? मग हे?"

अठरा वर्षांनी तिनं त्यांना नावानं हाक मारली होती. त्यांनी सही केली नाही. त्यांच्या जागी सही करणारा दुसरा माणूस असता, तर बाळं तेव्हाच परत वर गेली असती, बेचाळीस अंशांत. ते भित्रे होते, पण खोट्या ओळीखाली स्वतःचं नाव घालण्याइतके नव्हते. दुसऱ्याचं घालायला सांगण्याइतकेच होते.

"मग पाहुण्यांना मी कुठं बसवू?" त्यांनी विचारलं.

"पार्किंगमध्ये," जीजी दारातून म्हणाली. मराठी तिला चाळीस वर्षं घाटावर येणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी शिकवली होती. "ती जागा तुम्ही रिकामी केलीच आहे की, झाड काढून."

दुपारी ४. पार्किंग : मोजले नाही.

कार्यक्रम पार्किंगमध्ये झाला. मांडव टाकायला वेळ नव्हता, म्हणून पाहुणे उन्हात. मुख्य पाहुण्यांनी भाषण वीस मिनिटांचं लिहून आणलं होतं. चौथ्या मिनिटाला संपलं. सेवेचं महत्त्व पहिल्या दोन मिनिटांतच त्यांच्या कपाळावरून ओघळायला लागलं होतं.

मग लाउडस्पीकरवर नाव आलं. "श्रीमती माणिक फाळके!"

माणिक सभागृहात जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर अकरा नंबरचं बाळ, उघड्या पोटानं. ती श्वास मोजत होती. नवजात बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. ती कधी भरभर घेतात, कधी थांबतात, म्हणून पंधरा सेकंदांना चारनं गुणून चालत नाही. आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा एकापासून.

सत्तावीस, अठ्ठावीस.

"श्रीमती माणिक फाळके, कृपया मंच पर आएँ!"

एकोणचाळीस.

"माणिकताई!" हा आवाज आल्हादचा होता, माइकवरून.

तिनं मान वर केली नाही. पंचेचाळीस. बाळानं जांभई दिली. अठ्ठेचाळीस, आणि मिनिट भरलं. तिनं कागदावर अठ्ठेचाळीस लिहिलं आणि पुढच्या बाळाकडे सरकली.

शाल बापूनं घेतली. फोटोत तोच आहे, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात बेडपॅन. तो त्यानं खाली ठेवलाच नव्हता. आत येऊन त्यानं शाल प्राजक्ताकडे दिली. तिनं ती कूलरच्या टाकीत बुडवून पिळली आणि ऊन येत होतं त्या एकुलत्या एका खिडकीवर ताणून बांधली.

"सिस्टर, सत्काराची आहे ती," बापू म्हणाला.

"मग करतेय ना सत्कार."

१२ मे, संध्याकाळी ६. फ्रिज : ४. वॉर्ड (वर) : ४१. वॉर्ड (खाली) : ३२.

तापातली सात बाळं. पाचांचा उतरला. दोघांचा उतरतोय.

सुमन पहिल्या मजल्यावरून खाली आली, रॅम्पचा कठडा धरून, हळूहळू. तिनं बाळ आणलं नव्हतं. ते अजून तीन दिवस तिथंच राहणार होतं. पण तिच्या पोलक्यावर दुधाचा ओला डाग होता आणि ती तो लपवत नव्हती.

"पियो?" जीजीनं विचारलं.

"पियो."

जीजी माणिककडे वळली. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं. तिनं पिशवीतून पानाचा एक द्रोण काढला, त्यात भिजवलेल्या चण्यांची मूठ टाकली आणि माणिकच्या समोर ठेवला. "सुबह से कंई नी खायो तमने."

माणिकनं खाता खाता वही उघडली. शेवटचा रकाना. एकतीस वर्षांतली सातवी वेळ. तिनं लिहिलं:

'खोली मर्यादेबाहेर. मर्यादा कोणी ठरवलेली नाही, मी ठरवली. टोप्या काढल्या. त्या मीच घातल्या होत्या. वॉर्ड खाली आणला.'

लिहून झाल्यावर तिनं हे पान भोपाळच्या मासिक अहवालाला जोडलं. फ्रिजची पानं तिथं वाचतात, हे तिला माहीत होतं.

कारण दाखवा नोटीस तिसऱ्या दिवशी भोपाळहून आली. 'आपण कोणाच्या परवानगीने वॉर्ड स्थलांतरित केलात?'

तिनं त्याच कागदाच्या मागं उत्तर लिहिलं. 'स्थलांतर केलेले नाही. ड्रिल चालू आहे. मजला सुरक्षित असल्याची सही मिळताच रुग्ण परत नेण्यात येतील. मी रोज दुपारी तीन वाजता रजिस्टर घेऊन साहेबांच्या दारात उभी असते.'

आणि खरंच उभी असते. रजिस्टर उघडून, बोट तळाच्या ओळीवर. आल्हाद रेगे रोज वर जातात, थर्मामीटर बघतात, खाली येतात, पेन खिशात. परवा त्यांनी बोलणं न काढता एक माणूस बोलावून आपल्या एसीची पेटी त्या खिडक्यांखालून काढवली. माणिकनं तेही नोंदलं: वर ४० झालं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"चाळीस म्हणजे सुरक्षित, असं लिहा," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं नाही.

सुमनचं बाळ पाच दिवसांपूर्वी घरी गेलं, उघड्या डोक्यानं. सभागृहात आता नवीन चौदा आहेत. व्यासपीठावर अजून दोन गाद्या, खिडकीवर अजून ती शाल, दिवसातून चारदा भिजवलेली. पाहुण्यांचे कूलर भाडेवाला दुसऱ्याच दिवशी न्यायला आला होता. जीजी दारात बसली होती. तो परत गेला.

अग्निशमन सराव. तिसरा मजला. सुरुवात : १२ मे, दुपारी २ वाजून १० मिनिटे.

शेवट :